कोपऱ्यातला पंजा

नाट्यगृहाच्या शिवणखोलीतल्या मावशींच्या गळ्यात टेप असायची ती निव्वळ शोभेला. मापं सगळी वितीत नि बोटांत. सासूबाईंनी तसंच शिकवलं होतं, आणि तीस वर्षांत एकही झगा आखूड किंवा लांब झाला नव्हता.

परदेशातल्या नृत्यमंडळीबरोबर दरवर्षी जोडीने प्रयोग व्हायचा. कपड्यांच्या बारा पेट्या विमानात चढायच्या, चुरगळून उतरायच्या आणि दोन प्रयोगांनंतर कुठेतरी धूळ खात पडायच्या. यंदा दिग्दर्शिका बाईंनी ठरवलं, हे पुरे. जाणार फक्त दोन नृत्यशिक्षिका. नाचणाऱ्या तिकडच्या, कापड तिकडचं, शिंपीही तिकडचा. कपडे तिथेच राहतील, वर्षानुवर्षं वापरता येतील. मावशींची पेपर कटिंगं, म्हणजे कापड बेतायचे कागद, तेवढी पोस्टाने जातील.

मावशी थोड्या रुसल्या, पण पटलं त्यांना. कागदांची गुंडाळी गेली. प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी भांडी विसळताना मात्र त्यांना एकदम आठवलं. त्यांनी घेराच्या कडेला लिहिलं होतं, 'खाली चार बोटं दुमडा.' पण कुणाची बोटं? तिकडून आलेल्या फोटोतला तो शिंपी काडीसारखा. त्याची चार म्हणजे आपली तीन. झगा तेवढा लांब राहिला तर पहिल्याच गिरकीत पोरगी तोंडावर आपटणार.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "टेप काय देवाला वाहायला ठेवलीस?"

मावशींनी देवापुढे हात जोडले आणि तशाच जाऊन बाईंपाशी चूक कबूल केली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी लगेच तिकडे व्हिडिओ कॉल लावला. तिकडे गेलेल्या एका नृत्यशिक्षिकेने त्याला प्रश्न समजावला, तसा शिंपी हसला आणि त्याने कागद वर धरला. कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला मावशींचाच पंजा. कटिंग संपलं की कागदावर हात ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायची, ही सासूबाईंची शिस्त. कुणीही शिवलं तरी माप एकाच हाताचं. मावशींनी तो सवयीने काढला होता आणि विसरूनही गेल्या होत्या. मोठ्यांनी लावलेलं वळण असं वेळेला उभं राहतं, देवाची कृपा.

शिंप्याने त्यावरून पुठ्ठ्याचा हात कापून घेतला होता. मागे एक मुलगी झगा घालून गिरक्या घेत होती. कड घोट्यापाशी फिरत होती, पायात येत नव्हती.

"हा हात इथेच ठेवतो म्हणतात, पुढच्या वर्षीही लागेल," शिक्षिका म्हणाली.

मावशी पडद्याकडे झुकल्या. "ठेवू दे. पण म्हणावं, माझी करंगळी वाकडी आहे, ती सरळ करून कापू नका."

शिंप्याने पुठ्ठा पडद्याजवळ आणला. करंगळी वाकडीच होती.