आबाच्या बोटावरची ट्यूब

गोल झाला की आबा हसायचा. खिजवून नव्हे, हरवलेली चप्पल सापडल्यावर माणूस हसतो तसा. जाळीतून बॉल काढायचा, पँटीला पुसायचा आणि म्हणायचा, "चला, पुन्यांदा." त्या वर्षी आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमने त्याला हसायला भरपूर निमित्तं दिली.

वय एकोणीस, पण हात पाठीमागे बांधून चालायचा, उठता-बसता "आई गं" म्हणायचा. म्हणून आबा. खरं नाव फक्त हजेरीत. मिरजगावचा. हायवेवर वडिलांचं पंक्चरचं दुकान.

मी त्याच्यानंतरचा गोलकीपर, म्हणजे बाकावरचा. सोनईच्या शाळेत असताना तोंडावर बसलेल्या बॉलने माझा पुढचा दात गेला होता. तेव्हापासून बॉल अंगावर आला की डोळे आपोआप मिटायचे. टीममध्ये मी ट्रॅकसूटच्या मोहाने शिरलो आणि माझी उंची बघून सरांनी मला गोलकीपर केलं. आपलं पितळ उघडं पडणार या भीतीने मला मॅचच्या सकाळी अन्न जायचं नाही. शेवटी एकट्या आबाला सांगितलं.

"डोळं मिटत्यात व्हय? मग आडवा पडत जा. आडव्या मानसाला डोळं लागत न्हाईत," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "मी हाय तवर तुला हुभं ऱ्हावं लागायचं न्हाई. जा, जेव."

पहिल्या तिन्ही मॅच हरलो. हरण्याचं मला काहीच नव्हतं. आबा जमिनीवर आपटला की मात्र मी हात जोडायचो. देवा, याला उठव, असं म्हणायचो, आणि ते त्याच्यासाठी नसायचं. आज लिहितानाही लाज वाटते.

चौथ्या मॅचला तो डाव्या हाताची शेवटची दोन बोटं सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने एकत्र बांधून आला. त्या दिवशी आम्ही एकाच गोलने हरलो. आमच्या हिशेबी हा जवळजवळ विजयच! ट्यूब लाभली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पाचव्या मॅचला आबाने दुकानातून पट्ट्यांचं भेंडोळंच आणलं आणि अख्ख्या टीमने बोटं बांधली. बाकावर बसून मीसुद्धा.

"बांदा, बांदा," आबा म्हणाला. "रबर हाय, देव न्हाई. पन बांदा."

तीही मॅच हरलो. शेवटची कोल्हारला होती. दुसऱ्या हाफमध्ये एक जोरदार फटका त्याच्या हातावर बसून आत गेला. आबा गुडघ्यावर बसला आणि हसला नाही. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो, त्याचा ग्लोव्ह ओढला, पट्टी सोडली. करंगळी निळीकाळी, भलतीकडेच वळलेली.

"कधीचं आहे हे?"

"तिसऱ्या मॅचचं."

"बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुला हुभं ऱ्हावं लागलं असतं."

सर लांबून हाका मारत होते. कोणी थांबवेल म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. कोणीच थांबवलं नाही. मग मी त्याच्या दुसऱ्या हातातलाही ग्लोव्ह काढून घेतला.

"भ्या वाटतंय?" आबाने विचारलं.

"लई."

"मलाबी वाटायचं. म्हनून तर हसायचो."

पहिलाच बॉल आला, माझे डोळे मिटले, गोल झाला. जाळीतून बॉल काढताना मी मोठ्याने हसलो. आमचीच पोरं माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती.

पुढच्या वर्षी आबा कॉलेजला आला नाही, दुकानात बसला. मध्यंतरी मिरजगावला मुद्दाम गाडी थांबवली. चाक खोलताना त्याची करंगळी पान्यावर वळत नव्हती, ताठ बाहेर राहत होती. मी पहिल्यांदा माफी मागितली.

"एका बोटाचं काय घिऊन बसलास? नऊ हायेत की," तो म्हणाला. मग चाक बसवत, "डोळं मिटत्यात का अजून?"

"मिटतात. पण उभा राहतो."

आबा हसला नाही. मान हलवली आणि नट आवळायला खाली वाकला.