खंड्याच्या डोळ्यात बसलेली बाई

कोणी मला असले अनुभव सांगायला लागलं की मी आधी विचारायची, "ताप होता का?" तेव्हा हे वाचून तुम्ही मला तेच विचारलंत तर राग येणार नाही. ताप नव्हता. भर दुपार होती, कुकर उतरला होता, आणि मी कॉम्प्युटरसमोर माझं नेहमीचं काम करत बसले होते.

गोष्ट २००७-०८ची. आम्ही मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये राहतो. भाईंदरच्या एका लग्नाच्या फोटो स्टुडिओसाठी मी घरून रिटचिंग करते. नवरीचे पिंपल्स घालवायचे, डोळे मिटलेल्या मामांना दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे बसवायचे... असलं काम. त्यामुळे एक सवय लागली. कुठलाही फोटो उघडला की मी आधी डोळे बघते. नवरीचा डोळा मोठा केला की त्यात छत्रीचा लाइट दिसतो, व्हिडिओवाला दिसतो, शेजारी ताट धरून उभी असलेली मावशीही दिसते. आरशासारखं तिथे उजवं-डावं उलटतं, तो हिशोब आता डोक्यातच होतो. फोटो काढताना कोण कुठे उभं होतं, हे मी नवरीच्या डोळ्यावरून सांगू शकते.

माझ्या मिस्टरांनी बँकेतून व्हीआरएस घेतली आणि कॅमेरा घेतला. दर रविवारी उजाडायच्या आत स्कूटर काढून उत्तनच्या अलीकडे खाडीवर जायचे – पक्षी टिपायला. घरी हा माणूस म्हणजे "मीठ दे", "बिल भरलं" आणि "येतो" एवढाच. पंचवीस वर्षांच्या संसारात मला त्याची सवय झाली होती. निदान मला तसं वाटायचं.

सकाळच्या अंधुक उजेडात काढलेल्या फोटोंवर त्या काळी रवा सांडल्यासारखे दाणे यायचे. त्याला नॉइज म्हणतात. ते साफ करायचं काम अर्थातच माझं. आधी मागची झाडी गुळगुळीत करायची, पक्ष्याला हात लावायचा नाही, नाहीतर पिसं प्लॅस्टिकची दिसतात. मग शेवटी डोळा वेगळा घेऊन शार्प करायचा. डोळा जिवंत झाला की पक्षी जिवंत.

त्या दुपारी खंड्याचा फोटो होता. अगदी जवळून घेतलेला. दाणे साफ केले, डोळा शार्प केला. डोळ्यात आकाश, खाली चिखलाची रेघ, आणि मधोमध मिस्टर बसलेले – लेन्स लावलेली काळी आकृती. इथवर ठीक. पण त्यांच्या उजव्या हाताला आणखी एक आकृती होती. खेटून बसलेली. केसांचा अंबाडा, मान त्यांच्याकडे वळलेली.

आता हेही सांगते की दाणे साफ करताना सॉफ्टवेअर कधी कधी नसलेल्या गोष्टी तयार करतं. मला ते माहीत आहे, त्यावर माझं पोट आहे. म्हणून मी पुन्हा मूळ फाइल घेतली, वेगळ्या पद्धतीने साफ केली. अंबाडा तिथेच.

संध्याकाळी चहा देताना विचारलं, "रविवारी बरोबर कोण होतं?"

"कुठे?"

"खाडीवर. आणखी कुठे जाता तुम्ही?"

"कोणी नव्हतं."

"ती तुमच्या पक्षीवाल्या ग्रुपमधली शर्वरी नव्हती?"

"ती महिनाभर पुण्याला आहे, लेकीच्या बाळंतपणाला. तूच सांगितलंस मला."

खरंच मीच सांगितलं होतं. पण डोकं गप्प बसेना. मागचे सगळे फोटो पुन्हा उघडले. बगळा, शेकाट्या, पुन्हा खंड्या. जिथे जिथे डोळा पुरेसा मोठा होता, तिथे ती होती. पक्षी वेगळा, दिवस वेगळा, जागा तीच. उजवीकडे. एका फोटोत तर तिने डोकं त्यांच्या खांद्याकडे झुकवलं होतं. भीती वाटायला हवी होती ना? मला नुसता संताप आला. माझ्या नवऱ्याच्या खांद्याकडे!

आठवड्यातल्या मधल्याच एका वारी रिक्षा करून मी सरळ खाडीवर गेले. मिस्टर बसतात त्या बांधाजवळ एक कोळीण बोंबील वाळत घालत होती. मी म्हटलं, "मावशी, रविवारी इथे एक कॅमेरावाले येतात ना... त्यांच्याबरोबर कोण असतं?"

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुजा नवरा हाय का?"

"हो."

ती हसली. "मंग नको भिऊ. कोन न्हाय गो बाय. एकलाच येतो."

माझा जीव भांड्यात पडतोय तोवर ती पुढे म्हणाली, "पाखरांशी बोलत असंल. सारखा बोलतो. हसतो पन. लय गोड मानूस हाय."

लय गोड! खोटं नाही सांगत, डोळ्यातल्या त्या आकृतीपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. हा माणूस घरी माझ्याशी चार वाक्यं सलग बोलत नाही, आणि इथे येऊन सारखा बोलतो? हसतो?

पुढच्या रविवारी मी म्हटलं, "मी पण येते."

"कंटाळशील."

"कंटाळेन. तुम्ही चला."

बांधावर पोचल्यावर त्यांनी डावीकडची जागा हाताने झाडली आणि म्हणाले, "इथे बस." उजवीकडे काहीच नव्हतं, बॅगसुद्धा त्यांनी मागे ठेवली होती. मी मुद्दाम भगव्या रंगाची ओढणी घेतली होती. पक्षी बुजतील म्हणून मिस्टर पुटपुटले, पण एक खंड्या अगदी समोरच्या तिवराच्या फांदीवर येऊन बसला. त्यांनी फोटो काढला. मी त्यांच्या इतकी जवळ होते की शटर दाबताना त्यांचं कोपर मला लागलं.

दुपारी तो फोटो उघडला. दाणे साफ केले, डोळा शार्प केला.

डोळ्यात दोघंच होती. मधोमध मिस्टर, आणि उजवीकडे ती. डावीकडे चिखल आणि आकाश. भगवा रंग औषधालाही नाही. मी तिथे नव्हतेच.

मी हाक मारली. "अहो, इकडे या. हे बघा."

ते खुर्चीमागे येऊन उभे राहिले. कुठे बघायचं हे मी सांगितलं नव्हतं, पण त्यांची नजर थेट डोळ्यावर होती.

"कोण आहे ही?" मी विचारलं.

"एवढं पुरे," ते म्हणाले. "याहून शार्प नको करूस."

"का?"

"नको." आणि ते गॅलरीत निघून गेले. त्यावर ते आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा गेले. त्यांनी डावीकडची जागा झाडली. मी वळसा घालून उजवीकडे बसले. ते म्हणाले, "तिथे नको... जरा इकडे ये." मी म्हटलं, "इथून बरं दिसतंय," आणि हलले नाही. त्या जागेवर गार वगैरे काही लागलं नाही. साधा दगड होता.

तेव्हापासून दर रविवारी मी तिथेच बसते. ती कोण होती, कुठून आली, माझ्या सॉफ्टवेअरने घडवली की ह्यांनी – मला माहीत नाही. फोटोग्राफीतल्या दोघा जाणकारांना मूळ फाइल दिली होती. त्यांना डोळ्यात नुसते दाणे दिसले. कोणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा, पण माझ्याकडे नाही.

ती मात्र गेली. आता कुठल्याही पक्ष्याच्या डोळ्यात उजवीकडे कोणी नसतं. मीही नसते. मिस्टर एकटेच दिसतात. आणि मी तिथे बसायला लागल्यापासून ते खाडीवरही बोलत नाहीत.