सायनसचा पडदा

"झिल्ली गई," पडदा फाटताच सर मास्कच्या आत पुटपुटले. पुढच्याच क्षणी त्यांच्या हातातल्या, दात बघायच्या आरशाची दांडी माझ्या बोटांवर बसली. एकदा, मग त्याच जागी पुन्हा. खुर्चीतल्या पेशंटचा, काकांचा, गाल बाजूला ओढून धरलेला माझा हात मी सोडला नाही. सोडला असता तर आणखी बसल्या असत्या.

काकांच्या डोळ्यांवर हिरवं कापड होतं. असिस्टंटला मारायचं ते या कापडाच्या वरच्या बाजूला, आवाज न करता, अशी सरांची रीत होती. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीचे. दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा सोसायट्या अर्ध्या रिकाम्या होत्या. त्यातल्याच एकीत त्यांनी फ्लॅट घेतला होता. सुई टोचण्याआधी मला म्हणाले होते, "आपल्याकडची दिसतेस, बेटा. परवा नागपूरला चाललो, पुतणीच्या लग्नाला. विमानानं! आयुष्यात पहिल्यांदा."

वरच्या दाढांच्या जागी इम्प्लांट बसवण्याइतकं हाड त्यांना उरलं नव्हतं. म्हणून बाजूनं हाडात खिडकी पाडायची, आतला सायनसचा पडदा अलगद वर उचलायचा आणि त्याखाली हाडाची भरड भरायची. सर अलगद काहीच करत नसत. काकांच्या छातीवर कोपर रोवून ते खरवडत होते. प्रत्येक झटक्याला डोकं हलत होतं, रक्त घशात उतरत होतं.

"सक्शन! सो रही है क्या, कॉन्व्हेंटवाली मॅडम?" पुन्हा दांडी.

मी फायब्रिनच्या गोंदाची जोडसिरिंज पुढे केली. त्यातले दोन द्रव एकत्र आले की काही क्षणांत गुठळी होते. सरांनी ती भोकावर थापली, उरलेला गोंद भरडीत मिसळला आणि सगळं दाबून आत ठेचलं. बारीक चीर असती तर एवढं पुरलं असतं. हे भोक माझ्या करंगळीच्या नखापेक्षा मोठं होतं.

कापड निघालं. काका थुंकले, बेसिन लाल झालं.

"डॉक्टरसाब, परसों की फ्लाइट?"

"बिल्कुल जाइए. सब फर्स्ट क्लास हुआ है."

वर हवेचा दाब बदलला की तो गोंद टिकणार नव्हता. सरांनाही ते माहीत होतं. मी तोंड उघडू नये म्हणून खुर्चीमागे त्यांनी माझं मनगट धरून पिरगाळलं. क्लिनिकमध्ये मी कधी मराठी बोलले नव्हते. खरं तर काहीच बोलत नसे.

"काका," मी म्हणाले, "विमानानं जाऊ नका. आतला पडदा फाटलाय, यांच्या हातून."