पोह्यांचे पैसे कोण देणार

सकाळी बुढा तालाबाला चक्कर मारून झाली की आम्ही चौघे मित्र टपरीवर पोहे खातो. नियम एकच. आदल्या दिवशी ज्याचा पैसा सगळ्यात जास्त वाढला, त्यानं पैसे द्यायचे. त्यामुळे बाजार चढला की आम्ही तिघे शेअरवाले बेशरमपणे नफा लपवतो. चौथे, रेल्वेतून रिटायर झालेले काका. त्यांचं सगळं एफडीत, म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो आणि फुकट खाऊ घालायचो.

परवा बाजार धाडकन पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर आम्ही तोंडं पाडून बसलो होतो. काकांनी मात्र ऐटीत पाकीट काढलं आणि पोह्यांवर जिलेबीही मागवली.

‘‘खा रे पोट्टेहो, पोटभर खा! असाच पडत राहिला, तर उद्याही मीच देतो.’’