वकिलाच्या हातातलं पुस्तक

वडशाच्या त्या नाटक मंडळात कोर्टाचा प्रवेश आला की वकिलाच्या हातात एक जाड पुस्तक असायचं. लाल पुठ्ठ्याचं, विटेएवढं. वकील ते टेबलावर आपटायचा आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कायदा ऐकू यायचा. पस्तीस वर्षं ते गावोगाव आपटलं गेलं. उघडलं कोणीच नाही. देवाजीभाऊ उंदिरवाड्यांनीही नाही. आणि मंडळात वाचणं हेच ज्यांचं काम होतं, असे ते एकटे होते.

देवाजीभाऊ प्रॉम्प्टर. भाऊबीज झाली की पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात, ती उन्हं तापेपर्यंत चालतात. नट कुठून कुठून येतात. एखाद-दुसरी तालीम होते, कधी तीही होत नाही. सगळं नाटक विंगेतल्या एका स्टुलावर उभं असतं. त्या स्टुलावर देवाजीभाऊ बसत. मांडीवर वही, वहीवर छोटा दिवा. नटाच्या तोंडातलं वाक्य संपायच्या आत पुढच्या वाक्याचा पहिला शब्द त्याच्या कानात पडला पाहिजे. ना आधी, ना नंतर.

दहावी झाल्यावर ते या कामाला लागले, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं आणि वह्या उतरवायला माणूस हवा होता. पहिल्याच हंगामात बापाच्या मरणाचा प्रवेश वाचताना त्यांच्या डोळ्यातलं पाणी वहीवर पडलं. म्हाताऱ्या दिग्दर्शकानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की प्रॉम्प्टरनं शब्द कोरडा द्यायचा. ओला करायचं काम नटाचं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की पुढं चाळीस वर्षं त्यांच्या डोळ्याला पाणी आलं नाही. घरच्या मयतीतसुद्धा. त्यांची बायको कांताबाई म्हणायची, या माणसाच्या पोटात वही भरली आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हंगामाच्या आधी मंडळाच्या पेट्या उन्हात वाळवायच्या होत्या. पडदे, तलवारी, न्यायाधीशाचा कोट. लाल पुस्तकाच्या पुठ्ठ्याला वाळवी लागली होती. मालक म्हणाले फेका, नवा कायदा आणू. देवाजीभाऊंनी फेकण्याआधी ते झटकलं आणि पान उघडलं.

आत मराठी होतं. खाली छापलं होतं, मॉस्को. कोणे एके काळी पुस्तकांची एक गाडी वडशाला आली होती. तिच्यातून जुन्या मालकांनी ते घेतलं होतं. स्वस्त होतं, जाड होतं, बांधणी मजबूत होती. आपटायला बरं. ते रशियन कादंबरीचं भाषांतर होतं, हे त्यांनाही माहीत नसावं.

देवाजीभाऊंनी ते घरी आणलं. कांताबाई म्हणाली, आता या वयात वकील होता का.

पहिली पन्नास पानं त्यांना काही कळेना. एकाच माणसाला तीन तीन नावं. येफिम, मग येफिम सावेलिच, मग फिम्का. त्यांनी शेजारच्या माधवीला विचारलं. माधवी साहित्यात एम.ए. झालेली, गडचिरोलीच्या कॉलेजात तासिकेवर शिकवते. तिनं सांगितलं, भाऊ, पहिलं माणसाचं नाव, दुसरं त्याच्या बापाचं, तिसरं लाडाचं. देवाजीभाऊ हसले. म्हणाले, मंग त आपल्यासारखंच हाये. आपणबी बापाचं नाव लावतोच.

तरी माणसं डोक्यात राहीनात. तेव्हा त्यांनी तेच केलं जे नव्या नाटकाच्या वेळी करत. वहीचं कोरं पान घेतलं, रेघ मारली, डावीकडं पात्राचं नाव आणि उजवीकडं ते काम करणाऱ्या नटाचं. टपालमास्तर म्हणजे मंडळाचा जाडा विनोदी नट. त्याची खाष्ट बायको म्हणजे आरमोरीची आशाबाई. शाळामास्तर लुक्यान, भला आणि सोसणारा, त्याच्यासमोर त्यांनी न थांबता लिहिलं : डोमा, मंडळातला एकेकाळचा मोठा नट. फक्त येफिमसमोर नाव सुचेना. ती जागा त्यांनी मोकळी ठेवली.

मग पुस्तक चालू लागलं. बर्फ त्यांनी पाहिला नव्हता. उन्हाळ्यात सावरीचा कापूस उडतो तसा तो पडत असेल असं त्यांनी धरून घेतलं. त्या बर्फात आशाबाई चिडू लागली आणि डोमा शाळेत पोरांना अक्षरं शिकवू लागला. याचं त्यांना हसू आलं, कारण खऱ्या डोमाला सहीसुद्धा येत नव्हती.

कादंबरी साधी होती. येफिम टपालाची बर्फावरची घसरगाडी हाकतो. लुक्यान त्याचा मित्र. लुक्यानला शहरातून एका मुलीचं पत्र येतं : अमुक दिवसापर्यंत ये, नाहीतर मी थांबणार नाही. येफिम ते पत्र बुटात ठेवतो. का, ते लेखक सांगत नाही. कदाचित येफिमलाही माहीत नसेल. उद्या देऊ म्हणतो. रात्रीत बर्फानं रस्ता बुजतो आणि आठ दिवस जातात. मग द्यायचं राहूनच जातं. लुक्यानला वाटतं, तिनं लिहिलंच नाही. पुढं म्हातारपणी येफिम त्याच्या दारी रिकाम्या हातानं येतो, तर लुक्यान म्हणतो, एवढ्या थंडीत माझ्याकडं येणारा तू एकटाच, बस, चहा घे.

इथं देवाजीभाऊंनी पुस्तक मिटलं. अंगणात बसले होते. कांताबाई भात काढायला उठली, तर हा माणूस तोंडावर दुपट्टा धरून रडत होता. ती घाबरली. तिनं विचारलं, कोणाचा फोन आला. ते म्हणाले, कोणाचा नाही.

डोमाची गोष्ट अशी होती. झाडीपट्टीत त्याच्यासारखा आवाज नव्हता. माईक बंद पडला तरी नाटक थांबत नसे. पण वाचता येत नव्हतं. पावसाळ्यात देवाजीभाऊ विहाराच्या ओसरीत बसून त्याला वही वाचून दाखवत. दोनदा ऐकलं की त्याला यायचं. तरी मंचावर त्याचा एक कान विंगेकडं असायचाच. एकोणीस हंगाम तो त्या कानावर उभा राहिला.

मग एका गावात डोमाचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. त्यानं सगळ्यांचे आभार मानले. मालकांचे, दिवेवाल्याचे, स्वयंपाक्याचेसुद्धा. प्रॉम्प्टरचे राहिले. विसरला, बाकी काही नाही. दुसऱ्या गावच्या नाटकात, तिसऱ्या अंकात, बापाच्या भूमिकेतल्या भाषणात तो मध्येच अडखळला आणि त्यानं विंगेकडं पाहिलं. देवाजीभाऊंच्या जिभेवर शब्द होता. त्यांनी तो धरून ठेवला. थोडाच वेळ ठेवायचा होता. लोकांनी शिट्या मारल्या. मग त्यांनी शब्द दिला, पण तोवर डोमाला काही ऐकू येत नव्हतं. पडदा पाडावा लागला.

डोमानं कोणाला दोष दिला नाही. देवाजीभाऊंनी वहीवरचा दिवा गेल्याचं निमित्त सांगितलं, ते त्यानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. शब्द दिलेला असून मला ऐकू आला नाही, माझं डोकं गेलं, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. त्याच्या बापाचंही म्हातारपणी तसंच झालं होतं, पोरांची नावं विसरायचा. डोमानं मंच सोडला. लेकीकडं एटापल्लीला गेला आणि बसस्टँडजवळ चहाची टपरी टाकली. सुरुवातीला देवाजीभाऊ दोनदा भेटायला गेले. डोमानं उठून स्टूल दिलं, चहा दिला, एवढ्या लांब कोण येतो गा, म्हणाला. त्यानंतर त्यांना जाववलं नाही. त्या रात्रीला अकरा वर्षं झाली होती.

पुस्तकाची शेवटची चाळीस पानं त्यांनी वाचलीच नाहीत. दोन दिवस ते नुसते बसून राहिले. मग यादी काढली आणि मोकळ्या जागेत नाव लिहिलं. विहारात वंदना झाल्यावर त्यांनी मनात आणखी दोघांना हात जोडले : एक लिहिणारा, एक त्याची मराठी करणारा. माधवीला म्हणाले, “कोन कुठचा मानूस पोरी. बर्फात बसून माह्यी गोष्ट लिहून गेला. मले वळखत नव्हता, काई नाई.” माधवीनं ती यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. पाच वर्षं ती साहित्य शिकली होती, असं वाचायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

वडशाहून गडचिरोली, गाडी बदलून आष्टी, आलापल्ली, मग एटापल्ली. देवाजीभाऊ पोचले तेव्हा दुपारची गाडी सुटून गेली होती आणि टपरी रिकामी होती. डोमा थकला होता. पण त्यानं उठून स्टूल दिलं. बोलताना तो एकेका वस्तूवर बोट ठेवून नाव घ्यायचा : साखर, पत्ती, आलं. लेक म्हणाली, बाबा रोज असंच करतात, डोकं जागेवर आहे का बघतात.

देवाजीभाऊंनी पिशवीतून पुस्तक काढलं. डोमानं ते लगेच ओळखलं. म्हणाला, “हा त आपला कायदा.”

त्या दुपारी आणि दुसऱ्या दुपारी ते येफिम-लुक्यानची पानं तेवढी वाचत राहिले आणि डोमा ऐकत राहिला. गाडी आली की थांबायचं, गिऱ्हाईक गेलं की पुढं. आवाज तोच, विंगेतला, कोरडा. येफिमनं पत्र बुटात घातलं तेव्हा डोमा पातेलं घासायचा थांबला. हा मानूस हरामखोर हाये, म्हणाला. नंतर यादीचं कळल्यावर मात्र खूष झाला. लुक्यानचं काम आपल्याला आलं याची त्याला शंकाच नव्हती. ती दाखव म्हणाला, आणि वाचता येत नसूनही पानावर बोट फिरवू लागला.

“अन् या येफिमचं काम कोनाले देल्लं?”

“मले,” देवाजीभाऊ म्हणाले.

डोमा हसला. “तुले? तू त कधी इस्टेजवर आलाच नाई गा.”

“एकदा केलं काम.”

मग त्यांनी सांगितलं. शाल, आभार, तिसरा अंक, जिभेवर धरलेला शब्द. कोणतंही कारण पुढं केलं नाही. बोलून झालं. चहा उकळून उतू गेला. देवाजीभाऊंना आयुष्यभर सवय, की कोणी गप्प झालं की पुढचा शब्द द्यायचा. आज देण्यासारखा शब्दच त्यांच्याकडं नव्हता. त्या रात्री डोमा दिव्यांत कसा उभा राहिला असेल, ते त्यांना आता कळलं.

डोमानं स्टोव्ह बंद केला. मग विचारलं, “म्हंजे माह्यं डोकं गेलं नव्हतं?”

“नाई गा.”

“अकरा वर्सं, देवाजी. मी लेकीचं नाव रोज सकाळी घेऊन पाहतो.”

देवाजीभाऊंनी मान खाली घातली. डोमा टपरीबाहेर गेला. रस्त्यावर उभा राहिला. जाईल असं वाटलं. पण तो तिथंच ताठ झाला आणि त्याचा आवाज सुटला, माईकशिवायचा, जुना :

“पोरी, मी तुला शेत दिलं नाही. सोनं दिलं नाही.”

त्या रात्री अडखळला ती हीच जागा. देवाजीभाऊंच्या जिभेवर शब्द आला, अकरा वर्षांपूर्वीचाच. डोमानं मागं वळून पाहिलं नाही.

“पण या हातांनी कोणाचं ओढून आणलं नाही. तेवढं पदरात बांध, आणि जा.”

पंक्चरवाला पाना हातात धरून बघत राहिला. डोमानं पुढचं सगळं भाषण म्हटलं, शेवटच्या वाक्यापर्यंत. मग आत आला, सांडलेला चहा पुसला, आणि बसला. त्याचं तोंड रागानं लाल होतं आणि तो हसतही होता.

“बरं केलं, सांगतलं,” तो म्हणाला. “आता समोरचं वाच. त्या पोरीनं वाट पाह्यली का नाई?”

“मलेबी मालूम नाई. तेवढं राह्यलं वाचाचं.”

देवाजीभाऊंनी पान काढलं. दोन ओळी वाचल्या आणि तिसऱ्या ओळीवर त्यांच्या डोळ्यातला थेंब पडला. अक्षरं हलू लागली. डोमानं पुस्तकावर हात ठेवला.

“कोरडं वाच गा,” तो म्हणाला. “ओलं कराचं काम माह्यं हाये.”