न चावणारी चप्पल

वाळूजच्या कारखान्यात उभी हयात घालवलेला माणूस घरी बसला की घराच्याच मागे लागतो. बद्रीनानांनी रिटायर झाल्याबरोबर नळ बदलले, पंखे उतरवून, पुसून पुन्हा चढवले आणि ज्या दाराचं काहीही दुखत नव्हतं त्याच्या बिजागऱ्या काढल्या. ते दार पुढे बरेच दिवस भिंतीला टेकून उभं होतं. पुंडलिकनगरातल्या त्या दोन खोल्यांत सुधारण्यासारखं आणखी काही उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर बायकोच्या पायांकडे वळली.

वच्छलाबाईंना शुगर होती, तीही जुनी. पाय संध्याकाळपर्यंत सुजायचे, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलं होतं आणि दुकानातली कुठलीच चप्पल त्या पायाला धड बसत नसे. मग बाई चप्पल दारात काढून ठेवायच्या आणि अनवाणीच दळणाला, भाजीला, शेजारीपाजारी. डॉक्टर दर खेपेला बजावायचे, पाय जपा, शुगरच्या माणसाला पायाची जखम परवडत नाही. शेजारच्या द्वारकाबाईंच्या नवऱ्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि तेवढ्या काट्यापायी त्याचा पाय गुडघ्यापासून गेला होता. तो माणूस रोज ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा. नाना त्याच्याकडे बघायचे, मग घरात येऊन बायकोच्या अनवाणी पायांकडे बघायचे. दुसऱ्या कशाला ते भीत नसत, याला मात्र भीत.

"मीच करतो तुला चप्पल," एक दिवस ते म्हणाले.

"तुमी? अवो, तुमी लोखंडातलं माणूस."

"लोखंड ऐकतं माझं, मग कातडं नाय ऐकायचं व्हय?"

कातडं ऐकत नाही. लोखंडाला माप दिलं की ते मापात राहतं. कातडं पाणी पितं, उन्हात आखडतं, ओढाल तिकडे लांबतं. फोनवर व्हिडिओ बघून बघून नानांनी पहिला पट्टा केला, तो घरात कुणाच्याच कंबरेला आला नाही. मग चष्म्याचं घर केलं. त्यात चष्मा गेला, पण बाहेर निघेना. तरी माणसाला नाद लागला तो लागलाच. जेवताना ताटाशेजारी कातडं टोचायची आरी असायची आणि बोलता बोलता हात मेणाच्या गोळीवरून दोरा ओढत असायचा.

गावाकडून थोरले भाऊ तात्यासाहेब आले आणि दिवाणवर कातडं कापायची रापी, आरी, कातड्याचे तुकडे मांडलेले बघून दारातच थबकले.

"बद्री, आपल्या घराण्यात हे काम कधी कुणी केलं नाय."

"घराण्यातलं कारखान्यात बी कुणी गेलं नव्हतं, दादा."

तात्यासाहेब चहा न घेता निघाले, आणि जाताना पायात कातड्याचेच जोडे सरकवून गेले. ज्यांनी जोडे शिवले त्यांना गावाबाहेर ठेवायचं आणि जोडे मात्र ऐटीत मिरवायचे, असल्या घराण्याचा तोरा कुणी कुणाला सांगावा!

मजीदभाईंची गाठ पडली ती भांडणातून. जिन्सीतल्या एका दुकानात नानांनी मऊसूत कातड्याचा तुकडा उचलला, तर त्याचं दुसरं टोक एका दाढीवाल्या माणसाच्या मुठीत.

"भाऊ, हा मी आधी उचलला."

"उचला ना. पण आधी सोडा तर."

दोघांनीही सोडला नाही. शेवटी मधोमध कापून वाटून घेतला आणि बाहेर येऊन चहा प्याले. मजीदभाईंचं खुलताबादला सायकलीचं दुकान होतं. पाकिटं आणि पट्टे ते निव्वळ हौसेनं करायचे. त्यांच्यासारख्याच हौशी लोकांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात त्यांनी नानांना घालून टाकलं. एसटी चालवणारा कडूबा त्यात होता, आणखीही कोणकोण होते. रोज कुणी ना कुणी फोटो टाकायचं, बाकीचे आधी वाहवा करायचे आणि मग वाकडी शिवण दाखवून टांग खेचायचे. रविवारी सगळे मजीदभाईंच्या दुकानामागच्या पत्र्याखाली जमत. तिथं सगीराबी, म्हणजे मजीदभाईंची बायको, चहा द्यायला म्हणून यायची आणि या सगळ्यांपेक्षा सरळ कातडं कापून जायची.

कारखान्यात नानांनी ज्यांच्या शेजारी उभी नोकरी काढली त्यांच्या बायकापोरांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती. मशीनच्या आवाजात बोलणार काय? इथं मात्र एकाची सुई दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा दोरा तिसऱ्याकडे, आणि हात चालू तशी तोंडंही चालू. उतारवयात दोस्त मिळाले याचा नानांना इतका आनंद झाला होता की शनिवारपासूनच ते पिशवी भरून ठेवत.

या मंडळींकडून शिकून, दोनदा कातडं वाया घालवून, नानांनी अखेर बायकोची चप्पल केली. माप तिच्या जुन्या चपलेवरून घेतलं, हाडासाठी जागा सोडली, पट्टे करडईच्या तेलात मुरवले. शिवण झाल्यावर नायलॉनच्या दोऱ्याची टोकं पेटत्या काडीनं वितळवून दाबली, म्हणजे उसवायची भीती नको. ती टोकं वरून दिसायला नकोत म्हणून आतल्या अंगाला घेतली. चप्पल वरून खरोखरच देखणी झाली.

बाईंनी ती पायात घातली आणि खोलीभर फिरल्या.

"चावतीय का?"

"नाय."

"खरं सांग वच्छे, माझं मन राखू नको."

"अवो, अजाबात चावत नाय. गादीवर चालल्यासारखं वाटू राह्यलं."

नवी चप्पल चावते. दुकानातली चावते, मोच्यानं केलेली चावते, लग्नातली तर नवरदेवाला वरातीतच रडवते. आणि नानांनी आयुष्यात पहिल्यांदा केलेली चप्पल चावत नव्हती! त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, 'गादीवर चालल्यासारखे वाटते, इति सौ.' ग्रुप खुळावला. कडूबानं लिहिलं, 'नाना, थापा मारू नका.' मग पुढच्या रविवारी नाना बाईंनाच खुलताबादला घेऊन गेले. सगळ्यांनी बघितलं. सगीराबी त्यांना दर्ग्यापर्यंत चढावानं घेऊन गेली, परत आणलं, आणि बाई हसतमुख. पत्र्याखाली नानांनी तेल किती, मुरवायचं किती, यावर मोठं व्याख्यान झोडलं. सगळ्यांनी मुकाट ऐकलं आणि घरोघरी तशाच चपला व्हायला लागल्या.

नानांचे ते दिवस फार सुखाचे गेले. बायको चप्पल घालून बाजारात जाते, देवळात जाते, घरातसुद्धा अनवाणी फिरत नाही. ओट्यावरच्या त्या खुर्चीवरून त्यांची नजर आता बायकोच्या पायांकडे जात नव्हती.

मग एका सकाळी सगीराबीचा फोन आला.

"बद्रीभाऊ, तुमच्या तरकिबीनं माझा पाय सोलला ना हो! हे म्हंतात, घाल, घाल, बसंल. काय बसंल? मीच घरात बसले!"

"तेल कमी पडलं असंल."

"तेल? त्या तेलात भजे तळले असते! भाऊ, एक विचारू का? भाबी पार दर्ग्यापर्यंत आल्या, उफ् नाही केलं. त्यांचा पाय काय लोखंडाचा हाय?"

नाना मनापासून हसले. हसतच त्यांनी मेथी निवडत बसलेल्या बायकोला सांगितलं, "सगीराबी विचारू राह्यली, तुझा पाय लोखंडाचा हाय का?"

"बघा की तुमीच," म्हणत बाईंनी पाय लांब केला.

नानांनी चप्पल काढली. आतल्या पट्ट्यावर काळपट डाग होता, वाळून कडक झालेला. त्यांनी करंगळी बाजूला केली. करंगळीच्या बाहेरच्या अंगाला जखम होती, खोल, कडेनं पांढरी पडलेली. दोऱ्याचं टोक वितळवून दाबलं की त्याचा मोहरीएवढा कडक मणी होतो. तो मणी नेमका तिथं होता आणि रोज, पावलागणिक, तिथंच घासत होता. नानांनी जखमेच्या कडेला बोट दाबलं. बाई मेथीच निवडत होत्या.

"दुखत नाय?"

"काय दुखत नाय?"

"हा डाग कवापासून हाय?"

"तो व्हय? कातड्याचा रंग सुटतोय थोडा. चादरीला बी लागला व्हता, मी गुमान धुऊन टाकली. म्हणलं, सांगितलं तर तुमचं तोंड उतरंल. एवढ्या हौसेनं केली तुमी."

ते रक्त होतं. बाईंनी नवऱ्याचं मन जपायला स्वतःचं रक्त धुऊन टाकलं होतं, आणि रंग समजून. फोनवर सगीराबी अजून हॅलो हॅलो करत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, बोलायला मऊ. त्यांनी पाय बघितला आणि विचारलं, "आजी, पायाखाली गादी असल्यासारखं वाटतं का हो?"

बाईंचा चेहरा खुलला. "व्हय की! ह्यांनी केलीय ना चप्पल."

डॉक्टरीणबाईंनी नानांकडे वळून सांगितलं की शुगरनं पायाची जाण गेली की असंच वाटतं, चप्पल असो वा नसो. जाण जाऊन बरेच महिने झाले असतील, म्हणाल्या.

आधी करंगळी काढली. वाटलं, तेवढ्यावर भागलं. पण पू वर चढला होता. मग शेजारचं बोट गेलं आणि शेवटी पुढचं अर्धं पाऊल. दर वेळी नानांच्या पुढ्यात कागद यायचा आणि ते सही करायचे. कारखान्यात काही बिघडलं तर मशीन बंद करायला लाल बटण असायचं, नाना कितीदा धावत जाऊन ते दाबत. इथं धावून जायला जागाच नव्हती. बाकड्यावर बसायचं आणि दार उघडायची वाट बघायची, एवढंच काम.

ग्रुपवर आता कुणी फोटो टाकत नव्हतं. सगळे दवाखान्यात मात्र आळीपाळीनं यायचे. कडूबा ड्युटी सोडून आला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"नाना, माझ्या बायकोला बी चावली व्हती. पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाय?"

"तुमी एवढे खुशीत व्हते. वाटलं, आपलाच हात कच्चा. कशाला तुमचं मन मोडायचं?"

विचारता विचारता कळलं की सगळ्यांच्याच घरी चावली होती. सगळ्यांनी गुपचूप कोपऱ्यात टाकली होती आणि ग्रुपवर 'नाना, एकदम भारी' असं लिहिलं होतं. एकानं जरी तेव्हाच शिव्या घातल्या असत्या! नानांना त्यांचा राग आला, फार राग आला, आणि तो काढायलाही तोंड नव्हतं. मन जपणाऱ्यावर माणसानं कसं खेकसावं?

"तुमची नियत साफ होती, बद्रीभाई," मजीदभाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

"नियत साफ असून पाय गेलाच की," नाना म्हणाले.

बाई घरी आल्या. जखम भरली. दवाखान्याच्या सल्ल्यानं खास बूट आणला, तो त्यांनी पलंगाखाली ढकलला. "मला तुमच्याच हातची पायजे." नानांनी साफ नाही म्हटलं. रापी, आरी, सगळं पोत्यात बांधून त्यांनी माळ्यावर टाकलं होतं. बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्या अनवाणीच उठल्या आणि टाच टेकवत, भिंत धरत मोरीपर्यंत गेल्या. फरशीचा टवका उडाला होता, त्यावरूनच गेल्या आणि त्यांना कळलंही नाही. नानांनी बूट पुढे केला, हात जोडले, ओरडले. बाई तिसऱ्या दिवशीही अनवाणीच.

मग नानांनी माळ्यावरून पोतं काढलं. ते पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन बायकोच्या पायाशी बसले. आता जुन्या चपलेचं माप उपयोगाचं नव्हतं. त्या उरलेल्या पावलात कुठं जाण आहे आणि कुठं नाही, हे आधी हातानं चाचपायला हवं होतं. जिथं कळतं तिथंच पट्टा घ्यायचा, म्हणजे चावला तर कळेल तरी.

"इकडं नको बघू. खिडकीकडं बघ," ते म्हणाले. "मी बोट ठेवीन. कळलं तरच सांग, नायतर नको सांगू. माझी शपथ हाय."

बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. पेन्सिल कानावर ठेवून नानांनी आधी बोटं आपल्या गुडघ्यावर पुसली.

"कळतंय," बाई म्हणाल्या. "अवो, चांगलं कळतंय की. आता इथं बी कळतंय."

नानांचा हात अजून त्यांच्या स्वतःच्याच गुडघ्यावर होता.