पहिल्या आंघोळीचं माप

आमच्या बंगल्याच्या पूर्वेला उंच इमारत उभी राहिली आणि आमचा सूर्य गेला. गच्चीवरच्या सोलरवर ऊन पडायचं ते थेट दुपारी, तोवर माझी आंघोळ, पूजा, चहा सगळं उरकलेलं. बिल्डरच्या माणसाला मी चांगलं फैलावर घेतलं. त्याने नम्रपणे विचारलं, "काकू, उन्हाचा काही कागद आहे का तुमच्याकडे?" मी दार लावून घेतलं. कागद कुठून असणार?

गंगापूर रोडला आम्ही राहायला आलो तेव्हा आजूबाजूला पेरूच्या बागा होत्या. आता मी आहे आणि इमारती आहेत. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. थोरला जर्मनीत, धाकटा बंगळुरूला, दोघेही बायकामुलांसह मजेत. मी नाही म्हणत नाही.

हीट पंपाचं खूळ थोरल्याचं. तिकडे त्याचं अख्खं घर म्हणे त्यावर उबदार राहतं. इकडे आपल्याला फक्त आंघोळीचं पाणी तापवायचं. हा पंप पाणी वर चढवत नाही, हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. फ्रिजचंच काम, पण उलटं. ऊन लागत नाही आणि गिझरपेक्षा वीज बरीच कमी खातो. मला हे पटलं, आणि पटलेली गोष्ट मी लांबणीवर टाकत नाही. दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून द्वारका चौकातल्या दुकानात गेले. तो चौक ओलांडताना निम्मा जीव गेला, उरलेला दुकानदाराने खाल्ला.

एक मॉडेल असं की टाकीच्या डोक्यावरच मशीन बसवलेलं. दुसऱ्यात टाकी वेगळी आणि एसीसारखा डबा वेगळा. हे शंभर लिटरचं, ते दोनशेचं, ते तीनशेचं. जुन्या घरात फोडाफोड किती, बोअरच्या पाण्याचे क्षार कुठल्या टाकीला कमी धरतात, सगळं त्याने सांगितलं. मग विचारलं, "काकू, घरात मेंबर किती?"

"नऊ," मी म्हणाले.

"सगळे एकत्र राहता? भाग्यवान आहात!"

खोटं पचेना. "पहिल्या आंघोळीला नऊ," मी म्हणाले.

तो हसला. "काकू, आपल्याकडे सगळे हेच करतात. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीवर टाकीचं माप ठरवतात आणि मग वर्षभर उगाच एवढं पाणी तापवत बसतात. तुम्ही रोजचं सांगा."

रोजचं सांगायचं म्हणजे 'एक' म्हणायचं. एवढासा शब्द, पण तोंडातून निघेना. मी माहितीपत्रकं पिशवीत कोंबली आणि "मुलाला विचारून सांगते" म्हणून निघाले. वयस्क बाईने हे म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

रविवारी थोरल्याचा फोन आला. त्याने सगळ्या मॉडेलचा अभ्यास केला होता. "आई, शंभरचा घे, टाकीवरच मशीन असलेला. मागे धुण्याच्या जागेत बसेल, काही फोडावं लागणार नाही. एकटीला भरपूर झालं."

"आणि तुम्ही आलात की?"

"तेव्हापुरता गिझर आहेच की."

"या दिवाळीला येताय ना?"

तो म्हणाला, "आई, पंपाचा आणि आमच्या येण्याचा काय संबंध?"

संबंध कसा नाही? शंभरची टाकी बसवायची म्हणजे या घरात आता एकच माणूस आंघोळ करणार, हे मीच पक्कं करायचं. भिंतीला भोकं पाडून, नळ जोडून, कायमचं. मुलगा वाईट नाही. आठवड्याला फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो. पण मला शंभर लिटर सुचवताना त्याचा आवाज जराही अडला नाही, आणि त्याचंच मला फार लागलं. फोन ठेवल्यावर मी रडले. मग उठून दुकानदाराला सांगून टाकलं, तीनशेचा पाठवा, वेगळ्या डब्याचा, गच्चीवर बसवू.

बसवायला आलेला माणूस दिंडोरीकडचा. टाकी दोराने वर चढवताना घामाघूम झाला. खाली येऊन पाणी प्यायला आणि म्हणाला, "काकू, लय मोठा घेतला. घरात मानसं तर दिसत नाय."

"येतील दिवाळीला."

"हां, येतील ना," तो म्हणाला आणि पाइपाकडे वळला. त्याने उलट काही विचारलं असतं तर मी भांडले तरी असते.

दिवाळीला कुणी आलं नाही. थोरल्याला रजा नव्हती. धाकटा सासुरवाडीला गेला. दोघांचीही कारणं खरी होती.

नरकचतुर्दशीला सवयीने अंधारातच जाग आली. थंडी पडायला लागली होती. पणती लावली, उटणं कालवलं, तेल कोमट केलं. वर पंप घुमत होता. बाथरूममध्ये नळ सोडला तर इतकं कढत पाणी आलं की हात मागे घेतला. हाताला तेल लावलं, पायाला लावलं, मग पाठीची पाळी आली. हात खांद्याच्या खाली जाईना. कमरेकडूनही प्रयत्न केला, जमेना.

या घरात पहाटे सगळ्यांच्या पाठी मी रगडायचे. मुलांच्या, नंतर सुनांच्या आणि नातवंडांच्याही. सगळ्यांचं आटोपलं की हे हळूच दार लोटून माझ्या पाठीला तेल लावायचे. घाईघाईत, निम्मं तेल खाली सांडत, कुणी बघेल म्हणून कुरकुरत. मी म्हणायचे, नीट लावा. ते म्हणायचे, वर्षातून एकदा मिळतंय ते घे.

पाणी मुबलक होतं. पण पाठीला तेल लावायला दुसरं माणूस लागतं. मी नळ सोडला आणि कोरड्या पाठीवरच पाणी घेतलं.